मेणातला गुलाबी ठिपका

कुएन्का, ३ ऑक्टोबर १९९४

ती. एदेल्मिरामावशीस मारिउक्सीचा शि. सा. न.

तुझ्या पोटातला तपासणीचा तुकडा तिकडच्या प्रयोगशाळेत हरवला हे कळलं आणि माझं डोकंच फिरलं. मोहरीएवढा तो कण औषधांतून निघाला की पांढराफटक पडतो, आणि पातळ काप काढण्यासाठी बसवायचाही पांढऱ्या मेणात. दिसणार कसा? आमच्या प्रयोगशाळेत आम्ही आधीच त्यावर लाल रंगाचा थेंब टाकतो. इकडे ये. नळी पुन्हा गिळावी लागेल, पण तुझा कण मी स्वतः रंगवीन. कॅन्सर असेल तर उशीर नको, म्हणून नाटकं पुरेत.

तुझी रागावलेली भाची,
मारिउक्सी

काट्टामायो, ९ ऑक्टोबर

चि. मारिउक्सीस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

आधी तू गिळ ती नळी, मग मला शिकव! लग्नातसुद्धा मी ओठ रंगवले नाहीत, आणि आता पोटाला लाली? शेजारच्या ओलिंपियाला मी माझी कणीक मळायची काथवट देऊनही टाकली. मी गेल्यावर मागे भांडणं नकोत. खरं सांगू? फार भीती वाटते गं. गुरुवारच्या बसने येते. थेंब मोठा टाक, चिक्कूपणा नको.

तुझी मावशी

कुएन्का, २४ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न.

कॅन्सर नाही! जंतूंमुळे झालेली जखम आहे. गोळ्या घे आणि मिरचीची चटणी बंद. मेणात तुझा ठिपका इतका गुलाबी दिसत होता की आमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही कोण एवढी नटून आली? माझी मावशी, म्हटलं, आणि बाहेर जाऊन पोटभर रडले.

तुझी मारिउक्सी

काट्टामायो, ३१ ऑक्टोबर

चि. मारिउक्सीस उदंड आशीर्वाद.

पत्र वाचून मीही रडले. मग चटणी खाल्ली, शेवटची. मग काथवट मागायला गेले. ओलिंपिया म्हणाली, दिलेलं कोणी परत मागतं का? म्हटलं, बाई, मेलेच नाही, त्याला मी काय करू? मेलीने तीत कोंबड्यांना दाणे घातले होते! घासून घासून हात दुखले.

परवा मृतांचा दिवस, म्हणून आज पावाच्या बाहुल्या भाजल्या. एक तुझ्या काकांच्या थडग्यासाठी, एक माझ्या आईच्या. यंदा माझ्या नावाचीही कोणाला तरी भाजावी लागणार, असं मी धरूनच चालले होते. तीही मीच भाजली, गाल छान गुलाबी केले, आणि गरम गरम मीच खाल्ली.

लोभ आहेच, तो वाढव. चटणीचं मात्र विसर.

तुझी मावशी