दुधाविना ताट

५ ऑगस्ट, बुधवार

वजन वाढलं नाही. तिसरा महिना हा. नातीला झोळीत घालून काट्याला टांगलं, तर केनांगा नुसती लोंबत राहिली. रडली पण नाही. दोन वर्षांची पोर — कार्डावरचा ठिपका तांबड्या रेघेखाली.

काटा वाचून सुमिंतन म्हणाली, "काय खायला घालतेस गं हिला?"

"तुझं डोकं. रोज थोडं थोडं."

सगळ्या बाया हसल्या. सुमिंतन नाही हसली.

६ ऑगस्ट

सुमिंतन घरी आली. शाळेत माझ्याशेजारी बसायची, आता गावात पोरांची वजनं करते. ताटाचं चित्र आणलं होतं. अर्ध्या ताटात भाजी न् फळं, उरलेल्यात भात न् मासा, अंडं, सोयाबीनचा टेंपे.

"दूध कुठाय? शाळेत काय शिकलो आपण? चार चांगले, पाचवं दूध आलं की पुरं. सरकारनं पिऊन टाकलं का?"

"ते जुनं झालं बाई. आता मासा-अंडं असलं तर दुधावाचून चालतं. तू कुठलं देतेस?"

मी डबा दाखवला. घट्ट, गोड. पाण्यात ढवळून बाटली भरायची, भूक लागली की तीच द्यायची. तिनं कपाळाला हात लावला.

"अगं, ही नुसती साखर! पोटात हे गेल्यावर पोर जेवंल कशी?"

डब्यावर गाय काढलेली आहे. मी गाईवर विश्वास ठेवला.

९ ऑगस्ट

बाटली बंद केली. अंडं थुंकलं. मासा थुंकला. भात माझ्या अंगावर. बाटली बाटली करून घसा बसला पोरीचा.

रुस्मीचा फोन, तिकडं बाताम बेटावर कामाला आहे ती. "आई, माझी पोर कशीय?"

"गुबगुबीत," म्हटलं.

११ ऑगस्ट

आज नुसतं पाणी प्याली.

१४ ऑगस्ट

सुमिंतन म्हणते शेवग्याचा पाला घाल. आता चांगला म्हणे तो. आमच्या ह्यांना शेवटची आंघोळ घातली ती ह्याच पाल्याच्या पाण्यानं. मेल्या माणसाचा पाला, तो पोरीच्या तोंडात कसा घालू? तरी शिजवला. आधी मी खाल्ला — मेले नाही. तिनं तोंड फिरवलं.

बरगड्या मोजता येतात. मी मोजत नाही. माझं चुकलं तर रुस्मीला कुठल्या तोंडानं सांगू?

१७ ऑगस्ट

आमच्या बेटांच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. मैदानावर दोरीला पापड टांगलेले, पोरं हात मागं बांधून उड्या मारून खातायत. केनांगा माझ्या कडेवर. किती दिवसांनी हसली! हवेतच तोंड उघडत होती.

१८ ऑगस्ट

दाराच्या चौकटीला दोऱ्यानं उकडलेलं अंडं टांगलं. दोघींचे हात मागं. मी माझ्या चार दातांनी झडप घातली, अंडं नाकावर आपटलं. पोर खिदळली. मग तिनं चावा घेतला. गिळला.

मी चौकटीला धरून रडले. ती म्हणाली, "आजी, अजून."

२५ ऑगस्ट

टेंपे टांगला. मासा टांगला. पाल्याची भजी टांगली. शेजारीण म्हणते, घर आहे का वाळवण? आज पोर खाली बसून ताटातला भात पण जेवली.

५ सप्टेंबर

वाढलं! ठिपका रेघेच्या वर. सुमिंतनला मिठी मारली, म्हटलं, आता तुझं डोकं वाचलं.

आनंदात रुस्मीला सगळं खरं सांगितलं. ती आधी रडली. मग म्हणाली, "आई, अशक्त होती म्हणून तुझ्याकडं ठेवली होती ना. आता ठिपका कार्डावरच्या हिरव्या पट्ट्यात आला की कळव. घ्यायला येते."

"ये की," म्हटलं.

५ ऑक्टोबर

हिरव्यात आला. सुमिंतन लिहायला लागली तशी मी म्हटलं, "जरा कमी लिही." ती हसली. बाकीच्या बाया पण हसल्या.