खंडेनवमीचे तेल

देवास, १७ सप्टेंबर २०००

तीर्थस्वरूप मार्तंडदादा यांस,
शालिग्रामचा सा. न. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल. सुमंगलेचा गुडघा बरा आहे. तुमची बहीण असल्याने तो वाकायला वेळ घेतो, एवढेच.

चि. गुंजनला नोकरी लागल्याचे कळून आनंद झाला. धरणाच्या बुडितात जाणाऱ्या गावांतली घरे मोजत निसरपूरच्या आसपास हिंडायचे, हे काम तुमच्या घराण्यातल्या कुणाकडून होईल असे मला वाटले नव्हते. तुमच्याकडे आजवर बसून राहण्याच्याच नोकऱ्या झाल्या. तिकडच्या कच्च्या वाटांवर साधी सायकल टिकायची नाही, म्हणून आतोबाकडून तिला गिअरची डोंगरी सायकल पाठवीत आहे. कारखान्याचा टेम्पो बदनावरला जातो, तो वाटेत धारला उतरवील.

दुकानदाराने ती जोडून दिली होती. जोडली म्हणजे काय, तर पुढचा चिमटा उलटा बसवला होता आणि वर हँडल मात्र सरळ करून ठेवले होते. मी म्हटले, हे काय, तर म्हणाला, भिया, चलेगी तो सही. चालेल हे खरेच आहे, गाढवही चालते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हेही त्या गृहस्थाच्या गावी नव्हते. त्याने ते जोर लावून अर्धे घुसवले होते. मी रविवारी सगळी सायकल खोलली, धुतली, ग्रीस भरले आणि पुन्हा जोडली. देखभाल विभागात जन्म गेला, त्याचा एवढा तरी उपयोग.

आता गुंजनने रोज निघण्यापूर्वी एवढे करावे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी, चाक हलता कामा नये. मग मागच्या ब्रेकचे तसेच. चाक आसाला आवळून धरणारी कळ इतकी घट्ट असावी की मिटताना तळहातावर वळ उठावा. टायर अंगठ्याने दाबून पाहावे. हे तिने स्वतः करावे, तुम्ही करू नये. तुम्ही दाबाल आणि झाले म्हणाल.

लोभ आहेच. त्याचेही नट अधूनमधून आवळावेत.

आपला,
शालिग्राम


धार, २४ सप्टेंबर २०००

रा. रा. शालिग्रामराव जावईबापू यांस,
मार्तंडचा सप्रेम नमस्कार वि. वि. ‘सप्रेम’ रीत म्हणून लिहिले आहे.

आपण पाठवलेली वस्तू पोचली. तिला सायकल म्हणावे अशी आपली इच्छा दिसते. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, साखळीवर झाकण नाही, उभी करायला स्टँड नाही आणि घंटीही नाही. शेजारचे बळवंतराव येऊन बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी विचारले की बाकीचे सामान मागच्या टेम्पोने येणार आहे काय. मी म्हटले, देवासला एवढेच बनते.

गिअर इतके कशाला, हे मला कळले नाही. माणसाला पाय दोन. आम्ही कचेरीत असताना मांडूपर्यंत साध्या सायकलीने जाऊन आलो आहोत आणि घाटात उतरून हाताने ढकलली आहे. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. हल्ली चढण आली की यंत्राला विचारायचे आणि उतार आला की देवाला.

आपल्या सूचनाही वाचल्या. माझे आजोबा पवारांच्या शिलेखान्यावर होते. दरबारची हत्यारे त्यांच्या हाताखालून जात. त्यांच्या नातवाने टायर अंगठ्याने कसे दाबावे हे एका कारखान्याच्या फोरमनने लिहून कळवावे, हा काळाचा महिमा. सुमंगलेला मी त्या वेळीच म्हटले होते की मुलगा हुशार आहे, पण हात धुतल्यावरही ऑइलचा वास जात नाही.

मुलगी मात्र खूश आहे. रोज सकाळी तळ्याला फेरी मारते आणि लोक पाहतात. तिला सांगून ठेवले आहे की या घोड्याने एकदा जरी पाडले, तरी नोकरी संपली आणि निसरपूर संपले. घरात बसून शिकवण्या घ्यायच्या. ती कबूल झाली आहे. तेव्हा आपण पाठवलेल्या या सांगाड्यावर तिची नोकरी उभी आहे, हे ध्यानात असावे.

हिचा आपणांस नमस्कार. लोभ जितका आहे तितका पुरे.

आपला,
मार्तंड


देवास, २९ सप्टेंबर २०००

तीर्थस्वरूप मार्तंडदादा यांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचले. घराण्याचा उल्लेख पहिल्या पानावरच आला, या खेपेस वाट पाहावी लागली नाही.

गिअरचे असे आहे की चढण आपण कमी करू शकत नाही, म्हणून पायावरचा भार कमी करायचा. हे सुमंगलेला एका वाक्यात समजले. तुम्हांला समजावे अशी माझी अपेक्षा नाही, पण गुंजनसाठी लिहितो. साखळी आडवी ताणली जाईल असा गिअर ठेवू नये. तो चढ लागायच्या आधी बदलावा. चढात मध्येच, जोर लावलेला असताना बदलू नये.

नव्या सायकलीच्या तारा पहिल्या काही दिवसांत ताण खातात. ब्रेक सैल वाटू लागतील, गिअर अडखळतील. घाबरण्याचे कारण नाही, तार थोडी ओढून नट आवळायचा. चाकाच्या आऱ्यांवर नखाने टिचकी मारावी. ज्याचा आवाज बसका येईल तो ढिला झाला आहे. पंधरवड्याने हँडलचे आणि सीटचे बोल्टही एकदा पाहावेत. ही कामे सोपी आहेत, धारमध्येही जमतील.

तेलाबद्दल मी काही लिहीत नाही. पिढ्यान्पिढ्या लोखंडाला तेल लावण्यापलीकडे ज्या घराने काही केले नाही, त्याला ते काय शिकवायचे. तेवढे खाते तुमच्याकडे.

गुंजन कधी रुजू होणार ते कळवावे. सुमंगला विचारते की तिला तिकडे खायला काय मिळेल. मी सांगितले, तुझ्या माहेरी मिळते त्याहून बरे.

लोभ वापरात ठेवावा, नुसता ठेवला तर गंजतो.

आपला,
शालिग्राम


धार, ६ ऑक्टोबर २०००, खंडेनवमी

रा. रा. शालिग्रामराव यांस,
नमस्कार वि. वि.

आज खंडेनवमी. आपल्या कारखान्यात यंत्राला झेंडूची माळ घालून पेढे वाटतात, तोही एक प्रकार म्हणायचा. आमच्याकडे पूजा होते. सकाळी पेटीतून तलवार, पट्टा आणि कट्यार काढली, राखेने घासली, तीळतेल दिले आणि पाटावर मांडली.

यंदा गुंजनने तिची सायकलही पाटाच्या शेवटी आणून उभी केली. जिच्यावर पोट चालणार ती वस्तू पूजेत असावी, हे तिचे म्हणणे मला पटले. आता पूजेला लागली म्हणजे तिला हत्याराचा मान आला. आपणच लिहिले होते की तेलाचे खाते आमचे, तेव्हा मी स्वतः फडके घेऊन बसलो. हँडलपासून खाली एकही जागा सोडली नाही. चाकांच्या कडा आरशासारख्या झाल्या. त्या कडांना दोन्ही बाजूंनी चिकटून जे काळे रबराचे तुकडे असतात, ते तर इतके कोरडे की भिकाऱ्याच्या टाचा बऱ्या. त्यांना दोनदा तेल पाजले.

ब्रेक दाबला की ती सायकल कोल्ह्यासारखी ओरडत असे. आपल्या हातून सुटलेले ते काम असावे. आता अगदी गुपचूप फिरते. घरात आली तेव्हा उद्धट होती, आता सुनेसारखी झाली आहे. आपणांस इतके दिवस जे जमले नाही ते वाटीभर तेलाने झाले.

गुंजन गुरुवारी रुजू होते. दसऱ्याची पाहुणेमंडळी घरात आहेत, म्हणून तोवर सायकल पूजेच्या जागीच राहील. निसरपूरहून नर्मदेकडे उतरणारी जी वाट आहे, तिथून तिचे काम सुरू होणार. वाट फार उताराची आहे असे म्हणतात. सायकल आता तयार आहे.

दसऱ्याचे सोने पाठवतो, त्यातले अर्धे सुमंगलेचे.

आपला,
मार्तंड


तार. देवास, १० ऑक्टोबर २०००

ब्रेकवर तेल घातक. गुंजनला सायकल देऊ नका. पत्र मागाहून. शालिग्राम.


धार, १३ ऑक्टोबर २०००

ती. आतोबा आणि आत्या यांस,
गुंजनचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र बाबा सांगत आहेत आणि मी लिहिते आहे, कारण त्यांच्या उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. माझी शाळा हिंदीत झाली, तेव्हा चुका माझ्या समजा आणि टोमणे त्यांचे.

बाबा सांगतात की तार मिळाली. तार म्हणजे घरात कुणी गेले असे समजून आई रडायला लागली आणि बळवंतकाका टोपी घालूनच आले. एवढ्या तेवढ्यासाठी तार करणे हे देवासच्याच माणसाला सुचते. बाबा पुढे सांगतात की गडकालिकेच्या टेकडीचा उतार हल्ली बिघडला आहे. पूर्वी तो असा नव्हता.

आता बाबांना डुलकी लागली आहे, म्हणून माझे लिहिते.

तार आली तेव्हा मी मैत्रिणीकडे निरोप घ्यायला गेले होते. आई म्हणते की बाबांनी ती वाचली, खिशात घातली आणि म्हणाले, फोरमनला तार ऑफिसचा रस्ता सापडला वाटतं. मला कुणीच काही बोलले नाही. सकाळी उठून पाहते तर पाटाजवळची सायकल नाही आणि बाबाही नाहीत. आतोबा, रिटायर झाल्यापासून बाबा सायकलवर बसलेच नव्हते. ते ती ढकलत टेकडीवर घेऊन गेले आणि वरून बसून खाली आले. ब्रेक दोन्ही दाबले होते असे ते सांगतात. चाकांनी ऐकले नाही. खाली पोह्यांची गाडी लागते, तिथे थांबले. कढई उलटली, जलेबी वाचली. पोहेवाल्याने त्यांना उचलून बसवले आणि विचारले की बासाब, ब्रेक नव्हता तर निदान घंटी तरी वाजवायची. बाबा म्हणाले की घंटी देवासवाल्यांनी दिलेली नाही.

दवाखान्यात मी त्यांना विचारले की मला नुसते नको चालवू म्हणाला असतात, तर चालले नसते का. ते म्हणाले की तसे सांगणे म्हणजे तुमचे खरे मानणे झाले असते. त्यांना आधी तुम्ही किती चुकता ते पाहायचे होते. 

आत्या, आतोबांना सांग की चूक बाबांची आहेच, पण तेलाचे खाते बाबांना कुणी दिले. तेल साखळीला द्यायचे आणि रिमला लागू द्यायचे नाही, एवढी एक ओळ टोमण्याऐवजी लिहिली असती तर मनगट शाबूत असते. आतोबा, तुम्ही आणि बाबा एकमेकांना इतके तुच्छ समजता की कामाची गोष्ट सांगायची राहून जाते, आणि त्या सायकलवर बसायचे होते मला.

मी रिम सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुतल्या. रबर काचकागदाने घासले, तरी त्यांतून तेलाचा वास येतोच. नवीन पाठवा. संस्थेने मला सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. नाही आले तर सोमवारी पायीच फिरेन.

आणि ती अट. सायकलने एकदा पाडले की नोकरी बंद, असे ठरले होते. मी काल बाबांना विचारले की पडला तुम्ही, तर आता अट लागू होते का. त्यांनी भिंतीकडे तोंड केले आणि म्हणाले की अट तुझ्याबद्दल होती, माझ्याबद्दल काही ठरले नव्हते. नंतर आईला सांगत होते की हिचे कपडे बांधून ठेव.

बाबा उठले आहेत. विचारतात एवढे काय लिहिलेस. मी सांगितले की तुमचा नमस्कार लिहिला. ते म्हणतात की नमस्कार खोडून ठेव. तो मी तसाच ठेवला आहे.

तुमची लाडकी,
गुंजन


धार, २५ ऑक्टोबर २००१, खंडेनवमी

रा. रा. शालिग्रामराव यांस,
मार्तंडचा नमस्कार वि. वि.

मनगट आता लिहिते. थंडीत दुखते, तेव्हा आपली आठवण येते.

गुंजन दसऱ्याला आली होती असे लिहिणार होतो, पण तिला सणालाच काम निघाले. नवमीची पूजा आटोपून लगेच निघाली. नर्मदेकाठची घरे संपली, आता वरच्या पाड्यांची मोजणी आहे. ती वर्षभरात एकदाही पडलेली नाही. याचे श्रेय आपण घ्याल म्हणून आधीच कळवतो की ती माझ्याकडून चालवायला शिकली.

हत्यारांना तेल दिले. सायकल पाटाच्या शेवटी होती. तिला हँडलवर कुंकू आणि माळ, एवढेच. तेलाची वाटी मी तिच्या जवळही नेली नाही. हा आपला विजय समजू नये. तीळतेल हल्ली चांगले मिळत नाही.

निघताना ती पायरीवर पिशवी घेऊन उभी होती आणि बस चुकेल म्हणत होती. मी पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकलली. चाक हलले नाही. मागचा पाहिला. मग तिलाही दाबायला लावला आणि मगच सायकल बसच्या टपावर चढवायला हातात दिली. हे आपल्या पत्राप्रमाणे केले असे मानू नये. हत्यार दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी पारखून द्यायचे, ही आमच्या घरातली रीत आपल्या कारखान्याचा पाया खणण्याआधीची आहे.

घंटी मी बसवून घेतली. ती आपल्या कुठल्याच सूचनेत नव्हती.

आपण गेल्या वर्षी पाठवलेले मागच्या ब्रेकचे रबर एका बाजूने झिजत आले आहे. आपल्या ध्यानात आले नसेल, म्हणून लिहितो. डावे आधी झिजते, तेव्हा दोन्ही बाजूंची पाठवावीत, आणि शक्य असल्यास दिवाळीत गुंजन सायकल घेऊन येईल तेव्हा स्वतः येऊन बसवावीत. सुमंगलेलाही आणावे. बासुंदी असेल. आपल्याला आवडते म्हणून नव्हे, दूध उरते म्हणून.

लोभ कोरडा आहे, तो तसाच राहू द्यावा. पकड चांगली बसते.

आपला,
मार्तंड