जांभळ्या उजेडातले टोमॅटो

१ जून
आजपासून नवं आयुष्य. अडगळीची खोली रिकामी केली. (अडगळ गॅलरीत आहे. तिचं नंतर बघू.) खोलीला खिडकी नाही, ऊन नाही, पण बिघडलं कुठे? दिवे लावून आत टोमॅटो पिकवणार.

बायकोला ती खोली शिलाई मशीनसाठी हवी आहे. कित्येक वर्षं ती जेवणाच्या टेबलावर शिवते आणि जेवायच्या वेळी सगळं उचलून ठेवते. शेवटी ठरलं: ऑगस्टअखेर झाडाला एक तरी लाल टोमॅटो दिसला तर खोली माझी, नाहीतर तिची. बिचारी. मला आत्ताच वाईट वाटतंय.

३ जून
झाडांसाठीचे खास दिवे पाहिले. किंमत ऐकून दुकानदाराला म्हटलं, विचार करून येतो. विचार केला. त्या दिव्यांचा उजेड जांभळा असतो. सजावटीच्या दुकानात जांभळ्या दिव्यांची माळ अगदी स्वस्तात मिळाली. रंग तोच! जाहिरातींना भुलणारे लोक वेगळे.

४ जून, संध्याकाळ
माळ लावली. नर्सरीतली रोपं ठेवली. झकास दिसतंय. शेजारचे काका दारात येऊन म्हणाले, पार्टी कधी आहे? दुर्लक्ष केलं.

१९ जून
रोपं सरसर वाढली! मेहुण्याला फोन करून उंची सांगितली. म्हणाला, दाजी, टोमॅटो लावलेत की वेल? जळतो मेला.
लेक म्हणाली, बाबा, उजेड पुरत नाही म्हणून ती लांबतायत. कॉलेजात गेली की मुलं बापाला शिकवायला लागतात.

२० जून
रोपं आडवी झाली. विश्रांती घेत असावीत.

२ जुलै
माळ काढली. रोपांमुळे नाही, काका रोज पार्टीचं विचारतात म्हणून. गॅरेजवाल्याकडून जुना हॅलोजन आणला. रोपांच्या अगदी जवळ ठेवला. आता कशी वाढत नाहीत तेच बघतो.

३ जुलै
सगळी पानं करपली. बायकोने त्या खोलीत ओले मोजे टाकले, ते मात्र लगेच वाळले.

११ जुलै
आता शास्त्रशुद्ध. साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब आणल्या, फळीवर बसवल्या. कपडे वाळत घालायच्या दांडीची कप्पी आणि दोरी काढून फळी छताला टांगली. दोरी ओढली की दिवे वर, सोडली की खाली. भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या. नवी, दणकट रोपं आणली.
आता कपडे कुठे वाळवायचे, असं बायकोने विचारलं. मोठ्या कामात असे प्रश्न यायचेच.

६ ऑगस्ट
फुलं! पिवळीधमक! बायको बघायला आली, छान आहेत म्हणाली, तेही मनापासून. मग दोरी धरून दिवे खालीवर करत बसली. तिलाही नाद लागला वाटतं.

१७ ऑगस्ट
फुलं गळाली. लेक म्हणते, बंद खोलीत ना वारा ना मधमाशी, झाडं रोज हलवायला हवी होती. आता सांगते!
बायको टेप घेऊन खोलीत काहीतरी मोजत होती. झाडांची उंची असेल.

३० ऑगस्ट
एकही फळ नाही. बाजारातून एक टोमॅटो आणला, छोटासा, देठासकट. दोऱ्याने झाडाला बांधला. ही फसवणूक नव्हे. झाडाला टोमॅटो दिसला पाहिजे एवढंच ठरलं होतं. चांगला दिसतोय.

३१ ऑगस्ट
बायकोने टोमॅटो निरखून पाहिला. म्हणाली, दोरा माझ्या रिळाचा आहे, आणि ही काय गाठ म्हणायची? तेवढ्यात गाठ सुटली आणि टोमॅटो तिच्या पायाशी पडला. लेक हसून हसून गडाबडा लोळली. बायको रागावली नाही. तेच जास्त लागलं.

७ सप्टेंबर
खोलीत मशीन आलं. माझे दिवे जागच्या जागी आहेत. बायको दोरी सोडून ते मशीनवर खाली घेते. म्हणाली, काळ्या कापडावर काळा टाकासुद्धा दिसतो, इतक्या वर्षांत असा उजेड मला कुणी करून दिला नव्हता.
काकांनी पडदे शिवायला टाकलेत. पार्टी आहे म्हणे, त्यांच्याकडे.
तात्पर्य: दिव्यांची निवड अचूक होती. पीक चुकलं.
आता पलंगाखाली मश्रूम. त्यांना ऊन नको, दिवा नको, काही नको.

७ सप्टेंबर, जरा वेळाने
पलंगाखाली वाकून पाहिलं. बायकोने कापडाचे गठ्ठे ठेवलेत.