कोंड वाचला, वन्सं

पोलादपूर, ३ मे २००२

ती. मंजुळावन्संना रंजिताचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की दुसरा मजला चढताना आंबेनळी घाट चढल्यासारखं वाटतं. (घाटात निदान एसटी तरी मिळते.) भाऊजींचा खोकला गेला असेल. इकडे आम्ही दोघं मजेत, आणि परवापासून तर फारच मजेत, कारण आम्ही लढाई जिंकलो. लढलं कोण, हे जरा गुंतागुंतीचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गावाखालचा कोंड तुम्हाला आठवत असेलच. लहानपणी परकर धुवायला जाऊन तुम्ही परकरच तिथे सोडून आला होतात, असं सासूबाई सांगायच्या. उन्हाळ्यात सगळी नदी आटली तरी त्या डोहातलं पाणी हिरवंगार असतं. तर सरपंच भागोजींनी ठराव काढला, की कोंड मासेमारीसाठी ठेकेदाराला द्यायचा आणि गावातल्या कुणीही तिथे गरी टाकून बसायचं नाही. मतदान एक मेच्या ग्रामसभेत, हात वर करून.

तुमच्या भावाला हे कळलं तेव्हा ते जेवत होते. हातातला घास ताटात ठेवला आणि उठले. वन्सं, महाडचा कारखाना बंद पडल्यापासून हा माणूस घरात असतो म्हणजे फक्त असतो. विचारलं तर हं, नाही विचारलं तरी हं. एकदा विसरलेला डबा द्यायला मी कोंडावर गेले, तर खडकावर गरी टाकून बसलेले हे पाण्याकडे बघत हसत होते. एकटेच. मी हाक न मारता डबा मागे ठेवला आणि परत आले. (डबा कावळ्यांनी खाल्ला, पण ते असो.) ते हसू मी किती दिवसांनी पाहिलं. कोंड गेला असता तर ते मी कुठून आणणार होते?

मग गरवणाऱ्यांनी संघ काढला. अध्यक्ष हेच. बैठका कोंडावर व्हायच्या, आणि बोललं की मासा पळतो, म्हणून बैठकीत कुणी बोलायचं नाही. शिवाय दोन गऱ्यांमध्ये अंतर हवं, म्हणून सभासद दोन्ही काठांवर लांब लांब बसलेले. निर्णय इकडून तिकडे मानेनेच व्हायचे. सुट्टीसाठी मुंबईहून आलेला मंगेश तिकडे युनियनमध्ये आहे. तो पहिल्याच दिवशी घोषणा द्यायला उभा राहिला, तर त्याला ओढून खाली बसवला. "असा मूक मोर्चा मी आख्ख्या परळात नाय बघितला," असं मला सांगून गेला.

मला धीर धरवेना. मी शेजारच्या साळूबाईकडे गेले. नदी, गावाचा हक्क, असं काहीबाही तिला सांगायचं मनात जुळवलं होतं. तिने ऐकूनच घेतलं नाही. "गो रंजिता, कोंड बंद झाला तर आमचा बाप्या दिसभर घरात बसल. घडीघडी चाय मागल, नि आमटीत मीठ किती घालायचं ते मला शिकवल. मी येते सभेला." हेच ती विहिरीवर बोलली, आणि संध्याकाळपर्यंत वरच्या वाडीला पोचलं. मी माझं भाषण तसंच घरी आणलं.

एक मेला शाळेत झेंडावंदन झालं, सभाही तिथेच होती. हे इस्त्रीचा सदरा घालून पुढे उभे. इतक्यात आंबेनळीकडून ढग आला आणि ऊन गेलं. ऊन गेलं की मासा वर येतो, वन्सं. आख्ख्या संघाने एकदम आभाळाकडे पाहिलं. "जरा पाणी बघून येतो," म्हणून एक गेला, त्याला बोलवायला दुसरा, आणि सभा सुरू झाली तेव्हा शाळेत संघाचा एकही माणूस नव्हता. (पहिला गेलेला तो अध्यक्ष.)

मोकळी सतरंजी पाहून भागोजी इतके खूष झाले की ठराव त्यांनी जवळजवळ गाऊन वाचला. बाजूने थोडे हात वर झाले. मग हसतच त्यांनी विचारलं, विरोधात कोण? मागे बांगड्या वाजल्या. भागोजींनी मान वर केली आणि हसू तिथेच राहिलं. सगळ्या वाड्यांच्या बायका हात वर करून बसलेल्या. बयाबाईंनी तर दोन्ही.

"बयाकाकू, एकच हात."

"दुसरा आमच्या ह्यांचा हाय. ते जरा कामात हायत."

तो हात खाली घ्यायला लावला, तरी ठराव पडला.

मी धावत कोंडावर गेले. ह्यांनी आधी ओठांवर बोट ठेवलं. मग ऐकलं, गरी वर काढली, हाताने खडक पुसून मला बसायला जागा दिली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. बयाबाईंच्या दुसऱ्या हाताशी आले तेव्हा इतके मोठ्याने हसले की पलीकडच्या काठावरून शुक्‌शुक् झालं.

तुमची भावजय,
रंजिता

ता. क. : माझ्याकडून सगळं ऐकूनही हे गावात सांगत फिरताहेत, की संघाच्या शांततेपुढे सरपंच टिकले नाहीत. तुम्हालाही सांगतील. होय म्हणा.

ता. क. दुसरा : तुमच्या सोसायटीतल्या वॉचमनच्या जागेसाठी आता दुसरा कुणी बघायला सांगा. कोंड गेला तर मुंबईला जातो, असं हे म्हणाले होते. राग मानू नका.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच : इकडे येणाऱ्या कुणाबरोबर नायलॉनचा दोरा आणि बारीक गऱ्या पाठवा. दोघांना पुरतील एवढ्या. ह्यांच्या शेजारचा खडक मला मिळालाय, तिथे बोलायचं नाही या अटीवर. मी कबूल केलंय. बोलायला तुम्ही आहातच.