आजोबांच्या पेटीला हात लावू नका

नाना,

पलसाण्याहून आलात की तुम्ही आधी आजोबांच्या हत्यारांची पेटी उघडता, म्हणून चिठ्ठी दारालाच चिकटवते आहे. पेटीला हात लावू नका.

मागच्या आठवड्यात आई रंध्याला आणि पटाश्यांना तेल लावायला बसली, तेव्हा तळाशी मेलेला उंदीर निघाला. तिने तो हातानेच उचलून टाकला. तुम्ही घाबरून हत्यारं फेकाल म्हणून बोलली नाही. कालपासून तिला ताप आहे, आणि आता खोकल्यातून रक्त पडलं. प्लेगच्या भीतीने अर्धी गल्ली गावाकडे पळाली आहे. मागे राहिलेल्या योगराजकाकांनीच रिक्षा काढली. आम्ही मोठ्या दवाखान्यात जातोय.

प्लेगवरच्या गोळ्या फडताळात आहेत. काहीतरी खाऊन मग त्या घ्या, तोंडाला रुमाल बांधा.

आई रिक्षात बसली आहे आणि तिथूनच सांगते आहे, "त्यांना लिही, पेटी जाळू नका. मामंजींनी ती माझ्या हवाली केलीय." मी हो म्हटलंय.

दवाखान्यात आलात तर मला लांबूनच हाक मारा. उंदीर टाकल्यावर पेटी मीच पुसली होती, आणि सकाळपासून माझंही अंग तापलंय. आईला हे सांगितलेलं नाही.

वर्षा