कोपऱ्याच्या गाळ्याची किल्ली

३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि. तुझं बीजगणित मला सूड घ्यायला हवं आहे.

बावीस वर्षं मी दादाच्या लाँड्रीत कॉलरी घासल्या, आणि त्याने मला पाच कामगारांसमोर सुनावलं की धंदा आकड्यांवर चालतो, तुला इस्त्रीपलीकडे काय कळतं. दुसऱ्या दिवशी कुलूप बदललेलं. आता त्याच इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत, माझी स्वतःची लाँड्री आहे.

मालक भाडं कमाईच्या हिश्शाने घेतो आणि दर महिन्याला प्रत्येकाची कमाई जिन्याच्या फळ्यावर लिहितो. करार संपताना दादाकडचा कोपऱ्याचा गाळा जास्त कमाईवाल्याला मिळेल. बरोबरी झाली तर जुना भाडेकरू राहील. यंदा ऑक्टोबरची कमाई धरणार आहेत. डिसेंबरात दादाची नव्वद हजार होती, माझी तीस. त्याची दरमहा दोन हजारांनी उतरते आहे, माझी चार हजारांनी चढते आहे. गाळा मला मिळेल का? किल्ली मला त्याच्याच हातून घ्यायची आहे.

माया आहे तशी राहू दे.
तुझी ताई

११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आशीर्वादाला लागूनच सूड लिहिणारी तू एकटीच.

क्ष महिन्यांनी तुझी कमाई, हजारांत, ३० + ४क्ष. दादाची ९० − २क्ष. तुला हवं ते असं: ३० + ४क्ष > ९० − २क्ष. म्हणजे ६क्ष > ६०, क्ष > १०. दहापेक्षा जास्त. दहाव्या महिन्यात, ऑक्टोबरात, दोघंही सत्तर हजारांवर. बरोबरी, म्हणजे गाळा दादाचा. एका महिन्याने हुकतेस. चाराचे पाच हजार कर म्हटलं असतं, पण एका इस्त्रीवर याहून जास्त कपडे उरकत नाहीत हे तूच लिहिलं होतंस.

इस्त्रीने भाजलेल्या हाताला मलम लाव. माझ्यावरच्या लोभातला थोडा त्या हातावरही कर.
तुझा धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि. फळा बघून ताई हवेत आहे म्हणे. मी स्वतः मांडलं: ९० − २क्ष > ३० + ४क्ष. त्यावरून −६क्ष > −६०. उणे सहाने भागलं, क्ष > १०. म्हणजे दहा महिने उलटले की पुढे कायम मीच वरचढ. दहाव्यात तेवढी बरोबरी येते. ती नामुष्की नको म्हणून ऑक्टोबरऐवजी डिसेंबरची कमाई धरायची, असं मालकाकडून लिहून घेतलं आणि सही केली.

तू मास्तर, तपासायला बसशील, गरज नाही. ताळा ज्याला भरवसा नाही त्याने करावा. ताईला सांग, इस्त्री गरम आहे तोवर कपडे उरकून घे.

आहे तेवढा लोभ पुरे.
दादा

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. सोबत दादाचं पत्र. उणे संख्येने भागलं की चिन्हाचं तोंड फिरवायचं असतं. मी हे दरवर्षी तेरा वर्षांच्या पोरांना शिकवतो. त्याचं खरं उत्तर क्ष < १०. डिसेंबरात तो हरणार, आणि ती तारीख त्यानेच मागून घेतली आहे.

मार्चअखेरपर्यंत सही मागे घेता येते. कळवू का त्याला? लहानपणी माझी चुकलेली वही तो पाहुण्यांना वाचून दाखवायचा, म्हणून मी स्वतः ठरवत नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा

५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि. गेल्या वर्षी तुला एका ओळीत गप्प राहायला लिहिलं, त्याची मला खंत नाही. फळ्यावर आकडे लागले: माझे अठ्ठ्याहत्तर, त्याचे सहासष्ट.

पाचही कामगारांना मी मुद्दाम बोलावलं. दादाने किल्ली पुढे केली. मी आधी त्याच्या हातात खडू दिला आणि फळ्यावर तेच गणित परत करायला लावलं. क्ष > १० लिहून तो थांबला. ताळा कर म्हटलं. त्याने क्षच्या जागी बारा घातले, सहासष्ट आणि अठ्ठ्याहत्तर लिहिले आणि स्वतःच चिन्ह पुसून फिरवलं. मग मी किल्ली घेतली. वाटलं होतं, मन निवेल. अर्धंच निवलं.

जिन्याखालची माझी खोली त्याने भाड्याने घेतली आहे. आज सकाळी तो फळ्यावरचे माझे आकडे उतरवून घेत होता. तुला त्याचं पत्र येईल, आणि या वेळी तो गणित तपासून मागेल. नीट तपासून दे. पुढच्या वेळी मला तो बरोबर गणित करून हरलेला बघायचा आहे.

लोभ आम्हा दोघांवर ठेव. माझ्यावर थोडा जास्त.
तुझी ताई