कॅप्टनपदासाठी तीन कोंबड्या

शनिवार, ३१ जानेवारी
शेगडी आली. सिरॅमिकची, कोळशाची, वजन नव्वद किलो. डोरीन माझी बायको असूनही म्हणते, हे मडकं कुठे पुरणार आहेस?
बेत पक्का. १५ तारखेला गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाला जेवण, अख्ख्या भाजलेल्या कोंबड्या. १७ ला दलाच्या कॅप्टनची निवडणूक, मी उभा आहे. विस्तव असा मुठीत ठेवणाऱ्याला मत नाही देणार तर कुणाला देणार?
समोर ग्लेनिस उभी आहे. वीस वर्षं आगी विझवतेय. एवढं सोडलं तर तिच्यात आहे काय!

सोमवार, २ फेब्रुवारी
पहिली कोंबडी. हवे होते १८० अंश, झाकणावरचा काटा गेला ३२० वर. ही शेगडी एकदा तापली की निवायचं नाव घेत नाही. बाहेरून कोळसा, आतून गुलाबी. चूक कोंबडीची. एका अंगाला जाड होती.

शनिवार, ७ फेब्रुवारी
झाकण जरा झटक्यात उघडलं. आतल्या विस्तवाला हवा मिळाली, भडका उडाला. डावी भुवई गेली.
शेजारचा मर्व्ह, दलातला सगळ्यात म्हातारा, कुंपणावरून ओरडला, कॅप्टन व्हायला निघालास, आधी स्वतःची भुवई विझवायला शीक रे बाबा! त्याचं मत माझंच आहे. आपुलकी असल्याशिवाय कोण एवढं बोलतं?

बुधवार, ११ फेब्रुवारी
युक्ती सापडली! आदल्या संध्याकाळीच पेटवायची. एका भरतीत कोळसा अठरा तास टिकतो. दुपारपर्यंत काटा गुमान १८० वर.
डोरीन म्हणाली, दीड तासाच्या कोंबडीला अठरा तासांचा जाळ? तिला दूरदृष्टी नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
पेटवली. काटा हलत नाही. मीही हलत नाही. दुपारपासून दलाचे मेसेज ठणाणा वाजतायत. फोन बंद केला. नेत्याला शांतता लागते.

रविवार, १५ फेब्रुवारी, सकाळी ११
आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे ऐन उन्हाळा, पारा ४१ वर. उत्तरेचा वारा, थेट वाळवंटातून येणारा, तोंड भाजतंय. तिन्ही कोंबड्या आत, सोनेरी होतायत. देखणं काम!
डोरीन सकाळपासून रेडिओवरचं काहीतरी सांगू पाहतेय. म्हटलं, जेवणानंतर सांग. दार आपटून आत गेली.

रविवार, दुपारी ४
पाहुणे वेळेआधी आले. बंबातून.
काल दुपारीच जाहीर झालं होतं म्हणे: मध्यरात्रीपासून पूर्ण अग्निबंदी, उघड्यावर कोळसा पेटवायचा नाही. धुराची वर्दी कुणी दिली ते कळलं नाही. डोरीनला विचारलं, ती बटाटे सोलत होती.
मी म्हटलं, या या, बसा. ग्लेनिस म्हणाली, रसेल, अख्ख्या जिल्ह्यात आज एकच धूर आहे, आणि तो आपल्याच माणसाच्या अंगणात? मर्व्ह हसता हसता बंबाला टेकला.
मी विनवलं, झडपा बंद करतो, दोन तासांत आपोआप विझेल. ती म्हणाली, या वाऱ्यात दोन मिनिटंही नाही. कोंबड्या मात्र तिने आधी जपून बाहेर काढल्या, डोरीनच्या हातात दिल्या. मग पाइप सोडला. तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी. कडाड! मधोमध दोन तुकडे.
कोंबड्या डोरीनने घरातल्या ओव्हनमध्ये पुऱ्या केल्या. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं. मर्व्ह डोरीनला कृती विचारत होता. मी तुकड्यांपाशी उभा होतो. रडू आलं. फार वाईट वाटलं. धूरही होताच.

सोमवार, १६ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. लोक पोटभर जेवले. जेवलेला माणूस मत विसरत नाही. भाषणाची चार पानं तयार.

मंगळवार, १७ फेब्रुवारी
सभा झाली. डोरीन चहा द्यायला आली होती. भाषण दीड पानावर थांबवावं लागलं, टाळ्या फार झाल्या.
मतदान हात वर करून. आधी ग्लेनिसचं नाव घेतलं. बाराच्या बारा हात वर. त्यात एक माझा. खांदा अवघडला होता म्हणून ताणला, एवढंच.
डोरीन कप ठेवता ठेवता हळूच म्हणाली, मोजून झालं रे, आता खाली घे.